बाळंतपणासाठी नि पाळीसाठी कापडी पॅड : विकत घ्यावेत की घरी शिवावेत?

मोगरा_चिपळूण
नमस्कार मंडळी. आधी शोधून बघितलं, कापडी पॅडबद्दल इकडे तिकडे प्रतिसाद आहेत पण बाळंतपणासाठी कुणी सविस्तर लिहिलेलं दिसलं नाही म्हणून वेगळा धागा काढतेय. धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलीय, तारीख ऑगस्टमधली, म्हणजे चिपळूणात पाऊस अजून धो धो. ती पुण्यात पाळीला कापडी पॅडच वापरते, बाजारच्या पॅडने तिला जांघेत पुरळ उठतं नि घाम आला की अजून चरचरतं, त्यामुळे बाळंतपणानंतरही कापडीच हवेत असं तिचं ठाम म्हणणं आहे. आईने तिच्या जुन्या सुती साड्यांचा गठ्ठा ट्रंकेतून काढून ठेवलाय. माझ्याकडे शिलाई मशीन आहे, ब्लाऊज-परकर शिवते, तेव्हा शिवायला अडचण नाही.

प्रश्न असे की पहिल्या दिवसापासून कापडी चालतील का, टाके असतील तर काय करायचं, कापड कुठलं घ्यावं, किती शिवावेत, आणि सगळ्यात मोठा प्रश्न म्हणजे पावसात वाळवायचे कसे. इथे ऑगस्टमध्ये चादर तीन-तीन दिवस ओलसर राहते.

ऊनसावली
छान धागा. मी पाळीसाठी वापरते, दोन्ही प्रकारचे वापरून झालेत. एक असतो सगळं आत शिवलेला जाड पॅड आणि दुसरा घडीचा, म्हणजे खालचं आवरण वेगळं आणि आत घालायची घडी वेगळी. जाड पॅड वापरायला सोपा, काही जमवाजमव नाही, पण पावसाळ्यात आतून वाळतच नाही गं. वरून हात लावला की कोरडा वाटतो आणि मधे दाबलं की गार लागतो. चिपळूणला असशील तर डोळे मिटून घडीचे घे.

विकत घ्यायचे असतील तर ऑरोविलच्या इको फेमचे चांगले आहेत, २०१० पासून बनवतायत, कापड सुती आहे आणि शिवण पक्की. बाकी ऑनलाइन जे ढिगाने मिळतात त्यात 'बांबू चारकोल' म्हणून काळं-करडं कापड असतं, बऱ्याचदा त्याचा वरचा थर पॉलिएस्टर फ्लीसचा असतो, नीट वाचून घ्या. भारतीय मानक ब्युरोचं २०२१ पासून धुऊन वापरायच्या पॅडसाठी वेगळं मानक आहे, आयएस १७५१४. पाकिटावर ते आहे का बघायची सवय लावून घ्यावी.

डॉक्टरीणबाई
मोगरा, बहिणीला शुभेच्छा. मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, थोडं लांबलचक लिहिते कारण बाळंतपणानंतरचा रक्तस्राव आणि पाळी यात बराच फरक आहे आणि घरात जुन्या बायका असल्या तरी हे कुणी नीट सांगत नाही.

बाळ झाल्यावर पहिले तीन-चार दिवस लालभडक आणि भरपूर जातं. मग गुलाबी-तपकिरी होतं, दहा-बारा दिवसांनी पिवळट-पांढरं. सगळं मिळून चार ते सहा आठवडे चालतं, म्हणजे आपला सव्वा महिना साधारण तोच हिशोब. सिझेरियन झालं तरी अंगावरून जातंच, बऱ्याच जणींना वाटतं की पोट उघडलं म्हणजे सगळं तिथूनच साफ झालं, तसं नाहीये. बाळाला पाजताना किंवा खूप वेळ झोपून उठल्यावर एकदम भळकन जातं, त्याने घाबरू नका, पाजताना गर्भाशय आकुंचन पावतं म्हणून तसं होतं.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. हॉस्पिटलमध्ये असेपर्यंत आणि पुढे लाल रंग ओसरेपर्यंत, म्हणजे पहिला आठवडा धरून चाल, बाजारचे मोठे मॅटर्निटी पॅड वापरा. पुरळ येतं म्हणतेस तर पॅडवर जाळीचं प्लॅस्टिक नसलेले, वरून कापसाचे बघून घे आणि दर तीन-चार तासांनी बदला. हे मी कापडाच्या विरोधात म्हणून सांगत नाहीये. पहिल्या दिवसांत किती रक्त जातंय हे नर्सला आणि डॉक्टरला बघायचं असतं, त्यासाठी पॅड मोजतात. शिवाय ताजे टाके असताना घरात पॅड धुण्या-वाळवण्याची घाई कुणी करू नये. लाल ओसरलं आणि टाके कोरडे पडत आले की खुशाल कापडी चालू करा. टॅम्पॉन आणि मेन्स्ट्रुअल कप मात्र सहा आठवड्यांच्या तपासणीपर्यंत अजिबात नाही.

टाके असतील तर वरचा थर टर्किश टॉवेलचा नको. त्याच्या फाशांत टाक्यांची टोकं अडकतात आणि उठता-बसता ओढलं जातं. वर फलालीन किंवा धुवून धुवून मऊ झालेली मलमल हवी.

आणि रंग फिकट ठेवा. डाग दिसू नयेत म्हणून सगळ्या जणी मरून, काळं, गडद निळं घेतात. पाळीला घ्या हवं तर. बाळंतिणीच्या पॅडवर काय रंगाचं जातंय, वास कसा येतोय हे दिसलं पाहिजे.

हे खालचं मात्र घरातल्या सगळ्यांनी, पुरुषांनीही वाचा. एका तासात मोठा पॅड पूर्ण भिजला, लिंबाएवढी किंवा त्याहून मोठी रक्ताची गाठ पडली, पिवळट झालेलं परत लालभडक होऊन वाढलं, घाण वास, ताप, चक्कर, छातीत धडधड, यातलं काहीही झालं की सकाळची वाट बघायची नाही. ताबडतोब हॉस्पिटल, गाडी नसेल तर १०८. असा रक्तस्राव घरी आल्यावर, दोन-तीन आठवड्यांनीसुद्धा होऊ शकतो.

मोगरा_चिपळूण
डॉक्टर, मनापासून आभार. टॉवेलच्या फाशांचं तर डोक्यातही आलं नसतं, मी वर टर्किशच लावणार होते. शेवटचा परिच्छेद कागदावर लिहून फ्रीजवर लावते.

सुईदोरा
आले मी. कापडी पॅड शिवणं हा माझा जिव्हाळ्याचा विषय, तेव्हा सगळं तपशिलात लिहिते, ज्यांना शिवायचं नाही त्यांनी पुढे जा.

आधी आईच्या साड्या. जुनी सुती साडी आतल्या घडीला फार उत्तम, नव्या कापडापेक्षा चांगली शोषते. पण ती खरंच सुती आहे का बघ, कारण गेल्या वीस-पंचवीस वर्षांत 'कॉटन' म्हणून मिळालेल्या कितीतरी साड्यांत पॉलिएस्टर असतं. पदराच्या कडेचा एक दोरा ओढून काढ, चिमट्यात धरून काडेपेटीने पेटव. सुती असेल तर कागद जळल्याचा वास येतो आणि मऊ राख उरते, बोटाने चुरडली की नाहीशी होते. पॉलिएस्टर असेल तर वितळून त्याचा कडक मणी होतो. उभा आणि आडवा दोन्ही दोरे तपास, कधी कधी एक सुती नि एक भेसळीचा असतो.

नवीन फलालीन आणि मांजरपाट घेशील ते कापायच्या आधी गरम पाण्यात दोनदा धुऊन घे. नव्या मांजरपाटाला खळ असते, ती गेल्याशिवाय पाणी वरच तरंगतं. आणि फलालीन चांगलंच आटतं, आधी शिवून मग धुतलं तर पॅडच्या कडा वळतात. कंडिशनरमध्ये घालायचं नाही, कधीच नाही, त्याने कापडावर तुळतुळीत थर बसतो आणि शोषणं संपतं.

आता आवरण. वर्तमानपत्रावर आकृती काढून घे. बाळंतपणाच्या पॅडला तयार लांबी ३६ सेंटीमीटर, मधली रुंदी ७, मागचा भाग १०-११ पर्यंत पसरट कर कारण बाळंतीण जास्त वेळ आडवी असते आणि मागून गळतं. पंख उघडे धरून एकूण रुंदी १९. सगळीकडे १ सेंटीमीटर शिवणीला सोड. पाळीच्या पॅडला हाच आकार, फक्त दिवसाच्याला लांबी २५ आणि रात्रीच्याला ३२ पुरते.

वर फलालीन, खाली पीयूएल. हे पॉलियुरेथेनचा पातळ थर दिलेलं कापड असतं, पाणी अडवतं आणि बाळाला खाली घालतो त्या रबरी कापडाइतकं गरम होत नाही. पीयूएलला टाचण्या लावू नकोस, एकेका भोकातून गळतं. कपडे वाळत घालायचे चिमटे लाव. सुई ११ नंबरची नवी, टीप लांब, ३ मिलिमीटरची. आणि दोरा पॉलिएस्टरचा घे. सुती दोरा वातीगत ओलावा कडेपर्यंत ओढत नेतो आणि मग बाई म्हणते पॅड भरला नव्हता तरी परकराला डाग कसा.

फलालीनच्या सुलट्या बाजूवर, दोन्ही टोकांपासून चार-चार सेंटीमीटरवर, दीड सेंटीमीटर रुंदीची सुती पट्टी आडवी लाव. त्या पट्ट्यांखाली घडी अडकवायची. हे पीयूएल जोडायच्या आधी करायचं, म्हणजे पीयूएलमधून मधे कुठेही टीप जात नाही. मग फलालीन आणि पीयूएल सुलट्या बाजू एकमेकींना लावून (पीयूएलची चकचकीत बाजू उलटवल्यावर आत येईल अशी) कडेने टीप मार, लांब बाजूला बोटभर उघडं सोड, वळणांवर कात्रीने बारीक चिरा दे, उलटव आणि वरून कडेने एक टीप. पंखांना टिचबटणं. लोखंडी घेऊ नकोस, महिन्याभरात गंजतात आणि त्याचा डाग रक्तापेक्षा हट्टी. पितळी किंवा प्लॅस्टिकची. एका पंखाला बटणाच्या दोन जागा कर, बाळंतपणानंतर चड्ड्यांची मापं बदलत राहतात.

घडी तर अगदीच सोपी. साडीचा ३४ बाय ५० चा तुकडा काप, ५० ची बाजू दुमड म्हणजे ३४ बाय २५ होईल, तीन बाजू बोटभर उघडं सोडून शिव आणि उलटव. तयार माप ३२ बाय २४. उभ्या चार घड्या घातल्या की ६ सेंटीमीटर रुंद आणि आठ पदर. उलगडून वाळत घातली की फक्त दोन पदर, रुमालाच्या वेळात वाळते. जास्त जात असेल त्या दिवशी मधे जुन्या टॉवेलची एक पट्टी घाल, वर साडीच राहील असं बघ.

रानजाई
सुईदोरा ताई, वाखू (वाचनखूण) साठवली! पीयूएल कुठे मिळतं? आमच्या सांगलीत दुकानदाराला नावच कळलं नाही.

सुईदोरा
रानजाई, मी ऑनलाइनच मागवते, बाळांचे कापडी डायपर शिवणाऱ्या बायका सुट्ट्या मीटरने विकतात. फलालीन मात्र हात लावून घे, मुंबईत मंगलदास मार्केट, पुण्यात रविवार पेठ. मिळालंच नाही पीयूएल तर खाली घट्ट विणीच्या पॉपलिनचे दोन थर लाव आणि जरा लवकर बदल. घरात असताना तेवढं पुरतं.

तिखटमीठ
सगळ्यांचा उत्साह बघून बरं वाटलं पण मला वेगळं बोलायचंय आणि ते राग न मानता वाचा. माझी आई आणि आजी दोघींनी आयुष्यभर कापड वापरलं. न्हाणीघराच्या मागे, पत्र्याखाली, दुसऱ्या लुगड्याच्या आत लपवून वाळवायच्या. पुरुषांच्या नजरेला पडू नये, देवाच्या वाटेत येऊ नये. उन्हाचं तोंड त्या कापडाने कधी पाहिलं नाही. खाज, पांढरं जाणं, दुखणं हे त्यांना बाईच्या जन्माचाच भाग वाटायचं. बाजारचं पॅड परवडायला लागलं तेव्हा त्या पिढीने सुटकेचा श्वास टाकला. आता आपण परत कापडाकडे चला म्हणतोय.

आणि हे फक्त माझ्या घरचं नाही. ओडिशात दवाखान्यात येणाऱ्या बायकांवर केलेला एक अभ्यास २०१५ मध्ये छापून आला, त्यात धुऊन वापरायचं कापड घेणाऱ्यांमध्ये संसर्गाची लक्षणं जास्त आढळली होती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतही कापडाला आरोग्यदायी साधनांत धरत नाहीत. ते उगाच का?

डॉक्टरीणबाई
तिखटमीठ, राग कशाला, बरोबर मुद्दा आहे. त्याच ओडिशात पुढे २०१८ मध्ये आणखी एक अभ्यास आला, त्यात प्रत्यक्ष तपासण्या केल्या होत्या. कापड वापरणाऱ्यांत बुरशीचा संसर्ग जास्त होता हे त्यातही दिसलं. पण पुढचं महत्त्वाचं. घरातल्या घरात वाळवणं आणि संडासात लपवून ठेवणं याच्याशीही त्या बुरशीचा संबंध दिसला. तुमच्या आई-आजींचं तुम्ही जे लिहिलंत नेमकं तेच.

मी रुग्णांना म्हणूनच आधी कापड कुठलं हे विचारत नाही, दोरी कुठे बांधली आहे ते विचारते. उघड्यावर, वारा-ऊन लागेल अशा जागी, चारचौघांच्या कपड्यांबरोबर वाळत घालणार असाल तर वापरा. ते घरात चालणार नसेल, सासूबाईंची नजर, दिराची नजर, तर बाजारचंच वापरा, त्यात काहीही कमीपणा नाही.

कुटुंब आरोग्य पाहणीबद्दल एक सांगते. २०१९-२१ च्या पाहणीत १५ ते २४ वयाच्या मुलींत ६४ टक्के बाजारचे नॅपकिन आणि ५० टक्के कापड असं आलंय. बेरीज शंभराच्या वर जाते कारण पुष्कळ जणी दोन्ही वापरतात, शाळा-कॉलेजला एक नि घरी एक. शिवाय त्यात 'कापड' म्हणजे फाटक्या परकराच्या तुकड्यापासून नीट शिवलेल्या पॅडपर्यंत सगळं एकाच रकान्यात जातं.

माळरान
मी बीड जिल्ह्यात बायकांच्या आरोग्याचं काम करते, म्हणून या चर्चेत एक गोष्ट घालायचीच आहे. कापडी पॅडला पाणी लागतं. भिजवायला, खळबळायला, साबणाने धुवायला, परत खळबळायला. ज्या बाईला पिण्याचं पाणी टँकरने येतं तिला मी कुठल्या तोंडाने हे सांगू? आमच्या ऊसतोडीला जाणाऱ्या बायका सहा-सहा महिने फडाजवळ पालात राहतात. न्हाणी नाही, संडास नाही, पहाटे कोयता हातात. पाळीत तेच कापड दिवसभर अंगाला. बाळंतीण झाली तरी काही दिवसांत परत मोळ्या उचलते. २०१९ मध्ये या बायकांच्या गर्भपिशव्या काढण्याचा विषय राज्यभर गाजला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. पांढरं जातं, ओटीपोट दुखतं म्हणून गेलेल्या तिशीतल्या बायकांना पिशवीच काढून टाका म्हणून सांगितलेलं. त्यांच्या दुखण्याची मुळं या पालातच आहेत.

शहरातल्या संस्था कधी कधी प्रेमाने कापडी पॅडचे खोके पाठवतात. माझी हात जोडून विनंती असते की आधी विचारा. पाणी आहे तिथे द्या, गावात दिवाळीपर्यंत असतात तेव्हा द्या. फडावर जाताना बाजारचे द्या. सरकारची अस्मिता योजना ८ मार्च २०१८ ला आली, जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलींना ५ रुपयांत ८ पॅड, मला तेव्हा फार आनंद झाला होता. कापडी किंवा बाजारचं यात भांडण लावू नका, बाईच्या हातात दोन्ही असू द्या.

ऊनसावली
माळरान, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. पाण्याचा विचार मी कधीच केला नव्हता.

स्वच्छपुणे
कचऱ्याच्या बाजूनेही थोडं. पुण्यात कचरावेचक ताई हाताने कचरा वेगळा करतात आणि त्यात उघडे पॅड-डायपर निघतात. 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या संस्थेने म्हणूनच लाल ठिपक्याची मोहीम चालवली, वर्तमानपत्रात गुंडाळून वर लाल ठिपका काढायचा म्हणजे ताईंना न उघडता कळतं. २०१६ च्या घनकचरा नियमांत पॅडबरोबर टाकायची पिशवी कंपनीने द्यायची असंही म्हटलं होतं. बाळंतपणात पहिला आठवडा बाजारचे पॅड वापराल तेव्हा एवढं नक्की करा. त्या पॅडमध्ये बरंच प्लॅस्टिक आणि शोषणारी पावडर असते, पिढ्यान् पिढ्या तसंच राहतं.

पाऊसवेडी
मोगरा, मी राजापूरची. पावसाळ्यात वाळवण्याचं आमच्या घरचं तंत्र लिहिते.

धुण्यापासून सुरुवात. वापरलेली घडी लगेच गार पाण्यात टाक, गरम पाण्यात कधीच नाही, गरम पाण्याने रक्त कापडात शिजून बसतं आणि डाग कायमचा. एक-दोन तास पुरे, रात्रभर कुजवत ठेवू नकोस, पावसात बादलीतलं पाणी लगेच आंबतं. ते पाणी ओतून टाक, परत गार पाण्याने खळबळ, पाणी स्वच्छ दिसायला लागलं की मग साध्या साबणाने चोळ. साबण पूर्ण निघाला पाहिजे, राहिलेला साबणच अंगाला चावतो आणि लोक कापडाला नावं ठेवतात. डेटॉल वगैरे रोज नको. नंतर घड्या (फक्त घड्या, पीयूएलची आवरणं नाही) उकळत्या पाण्यातून काढ.

पिळून घेतल्यावर एकेक घडी कोरड्या टॉवेलात गुंडाळून वरून दाब, निम्मं पाणी तिथेच जातं. मग पडवीत वळचणीच्या आतल्या बाजूला दोरी. दोन घड्यांत बोटभर अंतर ठेवून, उलगडून. मधे पाऊस थांबून ऊन पडलं की सगळं सोडून आधी त्या बाहेर. संध्याकाळी आत घेतल्यावर पंख्याखाली. आणि वापरायच्या आधी कडक इस्त्री, दोन्ही बाजूंनी, वाफ यायची थांबेपर्यंत. सुती घडीला चालते, म्हणूनच पॉलिएस्टर नको. पीयूएलच्या आवरणाला इस्त्री लावलीस तर थर वितळेल, त्याला वाराच पुरतो, ते पातळ असतं.

चुलीवरच्या मांडवात वाळत घालू नका, आमच्याकडे घालायचे. धुराची काजळी बसते आणि पूर्ण कोरडंही होत नाही.

किती लागतील म्हणशील तर आवरणं ६ आणि घड्या २४ धर. आवरण प्रत्येक वेळी बदलावं लागत नाही, घडी बदलली की काम होतं. उन्हाळा असता तर १५ घड्यांत भागलं असतं.

रानजाई
आमच्याकडे लहान फ्लॅट, गॅलरी एकच, तिथेही पावसाची झड येते. मग काय करावं?

पाऊसवेडी
मग पावसाळ्यापुरते बाजारचे आणि कापडी मिळून वापर. अर्धवट वाळलेली घडी लावण्यापेक्षा ते कधीही बरं. आंबूस वास आला की ती घडी वापरायची नाही, परत धुवायची.

ट्यूलिप
नेदरलँड्समधून. इथे बाळंतपणानंतर साधारण आठ दिवस 'क्रामझोर्ग'ची बाई घरी येते, बाळाला बघते आणि आईचा रक्तस्राव, टाके, गर्भाशय आकसून पूर्ववत होतंय का तेही रोज बघते. विम्यातून आधीच जो खोका घरी येतो त्यात मोठे पॅड असतातच, त्यामुळे पहिला आठवडा तेच वापरले. नंतर आईने पुण्याहून शिवून आणलेल्या घड्या. इथे ऊन नाही पण ड्रायर आहे, घड्या ६० अंशावर धुऊन ड्रायरमध्ये, आवरणं ४० वर धुऊन हीटरजवळ दोरीवर. थंडीतही काही अडलं नाही. आईला सुरुवातीला माझ्या नवऱ्यासमोर ती दोरी बांधायचा संकोच वाटला, पण धुणं तोच लावायचा, मग तिचंही अवघडलेपण गेलं.

बाबा_होणार
पुरुष आयडी आहे, चालेल ना? बायकोचं बाळंतपण नोव्हेंबरात आहे. वर डॉक्टरांनी लिहिलेली धोक्याची लक्षणं वाचून ठेवली. घड्या धुण्याचं काम मी घ्यायचं ठरवलंय, तिची आई नाहीये आणि माझ्या आईला गुडघ्यांमुळे खाली बसवत नाही. काही काळजी घ्यायची का?

डॉक्टरीणबाई
चालेल काय, असे पाच-दहा जण आले पाहिजेत इथे. हातावर जखम असेल तर ग्लोव्हज घाला, धुऊन झालं की साबणाने हात धुऊन मगच बाळाला घ्या. आणि धुताना बघत जा. किती भरलीय, रंग काय, वास कसा. कालपेक्षा जास्त लाल किंवा जास्त भरलेली वाटली तर बायकोला विचारा आणि मला, म्हणजे तुमच्या डॉक्टरांना, फोन करा. ती बाळात आणि झोपेच्या गुंगीत असते, तिच्या लक्षात येईलच असं नाही.

तिखटमीठ
बाबा_होणार यांचा प्रतिसाद वाचून खरंच डोळे भरून आले. माझ्या आजोबांनी त्या पत्र्यामागे काय वाळतंय हे उभ्या जन्मात पाहिलं नसेल. माझं म्हणणं थोडं बदलते, दोरी उघड्यावर असेल तर कापडाला माझाही विरोध नाही. पण माळरान ताई म्हणतात ते पण विसरू नका कुणी.

मोगरा_चिपळूण
सगळ्यांचे किती आभार मानू. ठरलं असं की पहिला आठवडा बाजारचे कापूस लावलेले, तोवर मी आवरणं शिवून ठेवते, फिकट पिवळं फलालीन बघितलंय. पडवीतली दोरी पुढच्या बाजूला बांधायची असं मी आईला सांगितलं, ती आधी गप्प झाली, मग म्हणाली दुपट्यांच्या शेजारी बांध, तिथे वारा जास्त असतो.

दोरा जाळून बघितला. सहा साड्यांतल्या दोनांचा मणी झाला, त्या बाजूला काढल्या. सुईदोरा ताई, एका पाचवारीतून किती घड्या निघतील? आणि एक साडी फार झिजलीय, ती घेऊ का?

सुईदोरा
पाचवारी साडेपाच मीटर धर, ३४ च्या हिशोबाने लांबीत १६ तुकडे आणि पन्ह्यात दोन, म्हणजे ३२. काठ आपोआप बाजूला निघतो, तो घेऊ नकोस, जरीचा असो नसो, टोचतो. बसायच्या जागी साडी विरलेली असते तो भाग सोडलास तरी २५ नक्की, म्हणजे तुझं काम एका साडीतच झालं. झिजलेली आहे ती खिडकीपाशी उजेडात धरून बघ. सगळीकडे आरपार दिसत असेल आणि अंगठ्याने ताणल्यावर दोरे सरकत असतील तर घडीला नको, दोन-तीन धुण्यांत फाटेल. तिची बाळाला पुसायची फडकी कर. आणि कापायच्या आधी सगळ्या साड्या एकदा धुऊन उन्हात टाक, ट्रंकेत डांबराच्या गोळ्या असतील तर तो वास पूर्ण जाईपर्यंत.